हा समुद्र तो नाही

२४ ऑक्टोबर २०२४

जागृतीस,

मंगळवारी सकाळी खाडीचं पाणी अडवायला बांधातल्या उघाडीच्या फळ्या टाकून घरी येताना मी अल्पेशच्या जाळ्यातून एक पाखरू सोडवलं. भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं, पण खाडीकडून वारा नव्हता. त्यामुळे भातात काहीतरी फडफडतंय हे दुरून ऐकू आलं. अल्पेशने यंदा बांधालगतच्या तुकड्याला नायलॉनचं जाळं लावलं आहे. भात कापणीला आलं की पिवळी पाखरं थव्याने उतरतात आणि लोंब्या ओरबाडतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. आपल्याही तुकड्यात बसतात. मी डबा वाजवतो, ती अल्पेशकडे जातात. तो डबा वाजवतो, ती माझ्याकडे येतात.

पाखराचा पाय आणि एक पंख अडकला होता. गाठ सुटेना, म्हणून कोयत्याच्या टोकाने धागे कापले. अल्पेश बांधावर उभा राहून बघत होता.

"काका, जाळं माझं हाय आनी कापताव तुमी."

"धागा भरून देतो."

"धाग्याचं न्हाय वो. सोडलेलं पाखरू जाऊन बाकीच्यांना सांगतंय, काका लय भला मानूस हाय, चला त्याच्याकडं."

मी पाखरू पंच्यात गुंडाळून घरी आणलं आणि भाताच्या टोपलीखाली ठेवलं. पंख तुटलेला नव्हता, नुसता दमलेला होता. टोपलीच्या फटीतून बराच वेळ बघत बसलो. पोट फिकट पिवळं. पाठ मातकट. डोक्यावर बारीक रेघा. शेपटीला पांढरी कड नाही. एवढं तू शिकवलेलं आठवलं, म्हणून भारीट आहे असं मनाशी म्हणू शकलो. पण कोणता, ते कळेना. नर असता तर सोपं होतं. काळं डोकं असेल तर काळ्या डोक्याचा, तांबडं असेल तर लाल डोक्याचा, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. ही मादी होती आणि मादीपुढे मी अडलो. तुझं ते पक्ष्यांचं पुस्तक कपाटात शोधलं. तू नेलेलं दिसतं.

हे विचारायला पत्र लिहितो आहे, दुसरं काही नाही. दोघींत फरक कसा ओळखायचा, एवढं कळव.

फोन करता आला असता. पण फोनवर माणूस गप्प बसला तर ते पलीकडे ऐकू जातं. कागदावर जात नाही.

दुपारी टोपली उचलली. पाखरू लगेच उडालं नाही. तुळशीच्या कट्ट्यावर बसलं, पिसं सारखी केली आणि मग खाडीच्या बाजूला गेलं. तुझी आई दारात उभी होती. म्हणाली, "टोपलीखाली दाबून ठेवलंत, तरी गेलंच ना."

आई बरी आहे. मी बरा आहे. तुझी दुर्बीण काढून पुसली. आतल्या काचेवर बुरशीची जाळी आली आहे. आपल्याकडची हवाच तशी. पुसून परत जागेवर ठेवली.

बाबा


४ नोव्हेंबर २०२४

चि. जागृतीस,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. तिने चष्मा लावून मला वाचून दाखवलं, मग मी फोन हातात घेऊन स्वतः वाचलं. चोच बघा. कंबर बघा, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग. तिथे आणि पाठीवर तांबूस झाक असेल तर काळ्या डोक्याची मादी, हिरवट पिवळी असेल तर लाल डोक्याची. पहिलीची चोच जरा लांब, दुसरीची आखूड आणि जाडसर. किनाऱ्याला बहुतेक पहिलीच येते, दुसरी क्वचित. आणि शेवटी लिहिलंस, पिसं झिजलेली असली तर जाणकारसुद्धा सांगू शकत नाही, दोन्ही नावं लिहून मोकळा होतो.

हे शेवटचं वाक्य मी थांबून वाचलं. आपल्या त्या पाखराची पिसं झिजलेलीच होती. कंबर मी बघितली नव्हती. बघितली असती तरी सांगता आलं असतं असं नाही.

निरोपात तब्येतीचं काही नव्हतं. ते मला काल कळलं. काल भाऊबीज. तुझा मामा आला होता. जेवताना बोलता बोलता म्हणाला, "जागूचे पाय सुजतायत जरा, सातव्या महिन्यात होतं असं." मग माझ्याकडे बघून त्याने घास तोंडात घातला. घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं असं दिसतं. मी वाटीतली आमटी संपवली.

मामा गेल्यावर तुझ्या आईने भांडी आत नेली आणि आतूनच बोलली.

"पयलं बाळंतपन माहेरी असतंय. आनायला कोन जानार?"

"मामा जाईल."

"मामानं आनली तर ती भाची. लेक बापानं आनायची असते."

मी उठून उघाडीवर गेलो. ओहोटीला अजून वेळ होता, काही काम नव्हतं, तरी गेलो. फळीवर बसलो. समोरच्या भातात थवा उतरला होता.

तुझे आताचे सासरे भागोजीराव आपल्याकडे आले होते तो दिवस मला त्या फळीवर बसून आठवला. तू विसरली नसशीलच. ते त्यांच्या सुजितसाठी तुझी मागणी घालायला आले. ओटीवर शेजारची चार माणसं होती आणि मी बोलायच्या भरात होतो. म्हणालो, आमच्या खारजमिनीत दोन जातींची पिवळी पाखरं येतात, एकाच थव्यात चरतात, पण घरटी बांधायची वेळ आली की आपल्याच जातीची जोडीदारीण शोधतात, पाखरालाही एवढं कळतं. तू आतल्या खोलीतून, दारात न येता म्हणालीस, "नेहमीच न्हाय, बाबा. कास्पियन समुद्राच्या काठी दोन्ही जाती भेटतात आणि त्यांची जोडी लागते. पुस्तकात आहे." मी म्हटलं, "हा समुद्र तो न्हाय."

सगळे हसले. महिनाभर गावात ते वाक्य फिरत होतं. जेट्टीवर तिकीट काढताना कोणीतरी ओळख दाखवायचा आणि म्हणायचा, काय दयारामशेठ, हा समुद्र तो न्हाय ना? मलाही ते तेव्हा बरं वाटायचं.

भागोजीराव हसले नव्हते.

दिवाळीला आईने करंज्या केल्या होत्या. मामाबरोबर दिल्या. मी त्यांत काही घातलं नाही, म्हणजे चिठ्ठी वगैरे. पाय उंचावर ठेवून झोपत जा.

बाबा


१९ नोव्हेंबर २०२४

चि. जागृतीस,

कापणी झाली. यंदा तांबडा भात बरा आला, खारं पाणी आत शिरलं नाही. अल्पेशने जाळं काढून गुंडाळलं, त्यात वाळलेली दोन पाखरं होती. त्याने माझ्यासमोर ती बाहेर काढली नाहीत, नंतर काढली असतील.

तुला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. परवा उन्हं चढल्यावर उघाडीच्या खालच्या शेतात थवा चरत होता. सगळी काळ्या डोक्याची. या दिवसांत नरांचं काळं डोकंही धूळ बसल्यासारखं दिसतं, हे तू दाखवलं होतंस, त्यामुळे ओळखली. त्यात एक वेगळा होता. डोकं आणि छाती विटेच्या रंगाची, पोट पिवळं, पाठीवर हिरवट छटा. मी बुरशी आलेल्या दुर्बिणीतून बघितलं, मग नुसत्या डोळ्यांनी बघितलं. लाल डोक्याचा नर. इतक्या वर्षांत आपल्या खारात मी पहिल्यांदा पाहिला. तू कितीदा वाट बघत बांधावर बसायचीस, आणि तो आला तेव्हा तू नाहीस.

काल पुन्हा गेलो. तिथेच होता, त्याच थव्यात. थवा उठला की उठायचा, बसला की बसायचा.

घरी येऊन आईला सांगितलं. ती सुपात तांदूळ घोळत होती.

"मंग त्याला थव्यातून हाकलला का कोनी?" तिने विचारलं.

"न्हाय."

"मंग."

एवढंच बोलली आणि सूप झटकलं.

जागृती, ती काय म्हणते ते मला कळत नाही असं नाही. पण मी यावर बराच विचार केला आहे आणि तुला खरं ते लिहितो. त्या दिवशी भागोजीरावांसमोर मी पाखरांचा दाखला दिला तो चुकला. पाखरांच्या जाती देवाने केल्या, आपल्या आपण केल्या. त्या एका मापाने मोजायच्या नसतात. तेव्हा मी पाखरांकडे बघून नाही म्हणालो ते जर चूक, तर आता पाखरांकडेच बघून हो म्हणणं बरोबर कसं होईल? उद्या त्या थव्याने लाल डोक्याच्या नराला टोचून हाकलला, तर मी परत फिरायचं का? माणसाने आपलं आपण ठरवावं.

म्हणून मी देवीकडे गेलो. तुला माहीत आहे, पुजारी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलांच्या पाकळ्या लावतो आणि उजवी आधी पडली तर देवीचा होकार धरायचा. तुझ्या वेळी मी कौल लावला नव्हता. आता लावावा, असं घरातून निघताना वाटलं. पुजाऱ्याने पाकळ्या ओल्या केल्या, विचारलं, "काय गाऱ्हाणं घालू?" मी पाकळ्यांकडे बघत राहिलो. देवी नाही म्हणाली असती तर मी तिच्या नावावर घरी बसलो असतो. हो म्हणाली असती तर गावाला सांगत फिरलो असतो की देवीने पाठवलं, मी कुठे जात होतो. दोन्हीकडे माझी सुटका होती. पुजाऱ्याला म्हटलं, राहू दे, नुसता नारळ फोड.

तो म्हणाला, "पाकळ्या भिजवल्यात मी."

"मग पायाशी ठेव."

खोबऱ्याचा प्रसाद आईने तुझ्यासाठी डब्यात ठेवला आहे. तो कसा पोहोचणार ते मला माहीत नाही असं ती दिवसातून एकदा तरी म्हणते.

बाबा


२ डिसेंबर २०२४

चि. सौ. जागृतीस,

हे वरचं 'सौ.' पहिल्यांदा लिहिलं. लिहायला काही जड गेलं नाही, तुझ्या लग्नानंतर उगाच दोन वर्षं थांबलो होतो.

काल रात्रपाळी संपवून घरी जाण्याआधी सुजितने कारखान्याच्या दारातून फोन केला. मला वाटलं आईशी बोलायचं असेल. तो म्हणाला, "नाही बाबा, तुमच्याशीच बोलायचं आहे." चांगला बोलतो. हळू बोलतो. तुझा रक्तदाब वाढला आहे आणि डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलं आहे, असं त्याने सांगितलं. दर सोमवारी तालुक्याला तपासायला न्यावं लागतं. मी विचारलं, "आणि पत्रं मिळतात का?" तो म्हणाला, "मिळतात. ती वाचते, उत्तर लिहायला बसते, आणि मग काहीतरी घासायला उठते. आमच्याकडची सगळी पातेली लखलखीत आहेत." मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, "बाबा, तिला तुम्ही यायला हवे आहात. ती बोलणार नाही. म्हणून मी बोललो."

मग मी तुला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी इतके दिवस येत नाही याला गावाची भीती हे कारण नाही. गाव काय, आठ दिवस बोलेल आणि मग दुसऱ्या कोणावर जाईल. कारण पाण्याचं आहे.

त्या दिवशी भागोजीराव दुपारच्या उन्हात फाट्यापासून चालत आले होते. तुझ्या आईने आत तांब्या भरला, वाटीत गूळ काढला आणि दारात येऊन माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. ती आत गेली. ओटीवरच्या इतरांना दिसलं नसेल. भागोजीरावांना दिसलं, कारण ते दाराकडे तोंड करून बसले होते. आपल्या घरातून तहानलेला माणूस तसाच परत जाण्याची माझ्या आठवणीतली ती एकच वेळ. तू तेव्हा आतल्या खोलीत होतीस. तुला कोणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. त्यांनी तुला सांगितलं नसावं, असं का कोण जाणे वाटतं.

आता मी त्यांच्या दारात जायचं तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी बाप घेत नाही, ही रीत आड येते. तुझे आजोबा तुझ्या आत्याकडे जाताना स्वतःचा तांब्या बरोबर न्यायचे. आत्या दारात रडायची, तरी ते तांब्यातलंच पाणी प्यायचे. मी ते लहानपणी बघितलं आहे आणि ते मला फार थोर वाटायचं. त्यामुळे आता मी गेलो आणि भागोजीरावांनी पाणी दिलं नाही, तर ते रीत पाळतात की त्या दिवसाची परतफेड करतात, हे मला कळणार नाही. आणि दिलं आणि मी घेतलं नाही, तर मी रीत पाळतो की दुसऱ्यांदा तेच करतो, हे त्यांना कळणार नाही. भारिटाच्या माद्यांसारखं झालं आहे. वरून दोन्ही सारखंच दिसणार.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुमी एवढा इचार बांधावर बसून करता, म्हनून उघाडीत गाळ साचतो."

लाल डोक्याचा अजून आहे.

बाबा


९ डिसेंबर २०२४, सोमवार

चि. सौ. जागृतीस,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तुझ्याच घराच्या ओटीवर बसून लिहितो आहे. तू आणि सुजित तालुक्याला गेला आहात आणि येईपर्यंत तीन वाजतील असं तुझ्या सासूबाई रंगूताई म्हणतात. सोमवारचं मला माहीत होतं. तू घरात नसताना यावं असं मी ठरवलं होतं, कारण जे करायचं होतं ते तुझ्यासमोर केलं असतं तर ते तुला खूश करायला केलं असं झालं असतं. उघाडी आज अल्पेशकडे दिली आहे. कुठे चाललो ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जावा काका. फळ्या मी टाकतो. आनी येताना तिकडच्या पाखरांना सांगू नका, काका भला हाय म्हनून."

सकाळच्या गाडीने निघालो. फाट्यावर उतरून चालत आलो, भागोजीराव आले होते तसा. पिशवीत नवा तांबडा तांदूळ, तुझा प्रसाद, आईने दिलेलं सोड्यांचं पुडकं, आणि पाण्याची भरलेली बाटली. बाटली आईने भरली नाही. मीच भरली. रस्ताभर प्यालो नाही.

रंगूताई अंगणात खळं झाडत होत्या. मला बघून केरसुणी थांबवली.

"कोन पायजे?"

"मी जागृतीचा बाप."

"व्हय का. पिशवी बघून मला वाटलं मीटर बघायला आलाव." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "या. दोन वर्सांनी का व्हयना, वाट गावली. पोरगी म्हनायची, बाबांना पाखराची वाट लांबून कळते. मी म्हनायची, मंग आमच्या घराची का न्हाय कळत?"

त्यांनी घोंगडी टाकली आणि भागोजीरावांना हाक मारली. ते पेंढा रचत होते, अंगावर तूस घेऊन आले. रामराम झाला. समोर बसले. भात किती झालं, पाऊस कधी उघडला, असं बोललो. समोरच्या शेतात पिवळी पाखरं उतरली होती, मी आपोआप तिकडे बघत राहिलो.

"तुमच्याकडेही येतात तर," मी म्हटलं.

"येतात की. दानं खातात, घान करतात, जातात."

"त्यांत दोन जाती असतात."

"असतील," भागोजीराव म्हणाले. "मी दगूड मारताना इचारत न्हाय."

रंगूताई आत हसल्या. मलाही हसू आलं. ऊन ओटीच्या पायरीपर्यंत आलं होतं. माझ्या घशाला कोरड पडली होती आणि पिशवीतली बाटली पायाला लागत होती.

भागोजीरावांनी माझ्याकडे न बघता तूस झटकत म्हटलं, "व्याही, पोरीला अजून मूल न्हाय झालं. तुमच्यात रीत हाय, आमच्यातबी हाय. म्हनून पानी इचारलं न्हाय. दुसरं काय मनात धरू नका."

जागृती, हे ऐकून मी खाली बघितलं. त्या माणसाने मला वाट करून दिली होती. मी मान डोलावली असती की झालं असतं. रीत पाळली गेली असती, त्यांचा मान राहिला असता, माझा राहिला असता, आणि मी बाटलीतलं पाणी पिऊन तुझी वाट बघत बसलो असतो. तुझ्या आजोबांनी तेच केलं असतं. पण मी त्यांना तहानलेलं परत पाठवलं तेव्हा माझ्याकडे कुठलीच रीत नव्हती. मग आज तिच्या आड बसायचा मला काय हक्क?

मी म्हटलं, "भागोजीराव, मला पाणी द्या."

ते बघत राहिले. रंगूताई दारात आल्या, त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. बाटलीचं टोपण वर दिसत होतं.

"पानी तर हाय तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या.

"ते माझ्या घरचं आहे," मी म्हटलं. "मला तुमच्या घरचं हवं आहे. त्या दिवशी मी दिलं नव्हतं."

रंगूताई आत वळल्या, पण भागोजीरावांनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः उठले. आत हंड्यावरचं झाकण वाजलेलं मी ऐकलं. त्यांना तांब्या सापडेना असं वाटलं, कारण रंगूताई ओटीवरूनच म्हणाल्या, "फळीवर हाय, पोरीनं घासून ठेवलाय." लखलखीत तांब्या होता. बरोबर गुळाचा खडा, जरा जुना, कडेला पाझरलेला. मी गूळ तोंडात घातला आणि तांब्या वर धरून पाणी प्यालो, पूर्ण. देवाला हे कसं वाटेल ते मी त्याच्यावर सोडलं. पाणी विहिरीचं आहे तुमच्याकडचं. आपल्यासारखं मचूळ नाही, गोड आहे.

तांब्या खाली ठेवला तेव्हा भागोजीराव म्हणाले, "अजून देऊ?"

"द्या."

दुसरा तांब्या देताना ते म्हणाले, "तवा मी फाट्यावर जाऊन उसाचा रस प्यालो व्हतो. दोन गिलास. पोराच्या लग्नाच्या बोलनीत सोताच्याच पैशानं रस पिनारा मीच पयला." आणि पहिल्यांदा हसले.

मग मी त्यांना विचारलं, जागृतीला बाळंतपणाला न्यायला आलो आहे, पाठवता का. रंगूताई म्हणाल्या, "रीतीनं पाठवायला पायजे, खरं हाय. पन डॉक्टरीणबाई गाडीचे हिसके नको म्हनतात. आनी मी बाळाची गोधडीबी शिवली." भागोजीराव म्हणाले, "तिला इचारा. तिचं पोट, तिनं ठरवावं." मला ते पटलं. तेव्हा तू ठरव. आलीस तर मामाची गाडी सांगतो, सावकाश नेऊ. राहायचं म्हणालीस तर तुझ्या आईला इथे आणून सोडतो. ती इथलं पाणी घेईल. तिला समजवावं लागणार नाही, तिने त्या दिवशीच तांब्या भरला होता.

आणखी एक. तुमच्या समोरच्या शेतातल्या थव्यात एक मादी बांधावर जवळ येऊन बसली होती. मी चोच बघितली, कंबर बघितली. तांबूस आहे म्हणावं तर हिरवट वाटते. दोन्ही नावं लिहून ठेवतो. तू आलीस की बघ.

रंगूताईंनी जेवायला थांबायचं आहे असं सांगितलं आहे, मिठाशिवायचं वेगळं आणि मिठाचं वेगळं. मी हो म्हटलं. घरून भरून आणलेलं बाटलीतलं पाणी तुमच्या अंगणातल्या तुळशीला घातलं.

बाबा